दोन सोयऱ्यांचा कॉम्प्युटर

सिरसाळ्याच्या बाजारपेठेत विश्वेश्वरअप्पांचं भांड्यांचं दुकान होतं आणि भांड्यांतलं त्यांना सगळं कळायचं. तांब्या हातात घेतला की वजन सांगत, टिचकी मारली की चीर सांगत. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांना एकच विद्या येत होती: कुणाला नाही म्हणायचं नाही. सोयऱ्याधायऱ्यांत तर नाहीच नाही. घरात काही कार्य निघालं की अप्पा सौदा वाटून करायचे. कापड एका पाहुण्याकडून, किराणा दुसऱ्याकडून, मांडव तिसऱ्याचा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण रुसवा नको. असा माणूस कॉम्प्युटर घ्यायला निघाला, यातच सगळं आलं.

कॉम्प्युटर हवा होता रुचिकाला, त्यांच्या एकुलत्या एक मुलीला. आणि तो अभ्यासाला वगैरे नको होता, खेळायला हवा होता. हे तिने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. दोन हजार एक सालचा उन्हाळा. बारावीचा शेवटचा पेपर देऊन ती मनिषा नावाच्या मैत्रिणीबरोबर परळीला एका गेमच्या दुकानात गेली आणि मोटारींच्या शर्यतीत तिथल्या सगळ्या पोरांना तिने एकेक करून पाणी पाजलं. खुर्चीमागे ही गर्दी जमली. ती गर्दी पाहिलेल्या एका गिऱ्हाइकाने संध्याकाळी अप्पांच्या दुकानात कुकर बघता बघता ही बातमी सोडली. गिऱ्हाईक कुकर न घेताच गेलं, हे वेगळंच.

अप्पांनी घरी येऊन सांगितलं की परळीच्या त्या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही. रुचिका रडली नाही, भांडली नाही. मग मी खेळू कुठं, एवढंच तिने विचारलं. अप्पा बोलून गेले, "घरीच आणून देतो की."

शब्द गेला तो गेला. रुचिकाने त्यानंतर परळीच्या दुकानाचं नाव काढलं नाही. रोज संध्याकाळी अप्पा घरी आले की ती फक्त त्यांच्या हाताकडे बघायची, पिशवीत काही आहे का म्हणून. अप्पांना ते बघणं फार लागायचं.

तयार कॉम्प्युटर झेपणारा नव्हता. सुटे भाग आणून जोडला तर जमत होतं, आणि जोडायचं रुचिका परळीच्या क्लासमध्ये शिकली होती. तिने अप्पांना समोर बसवून समजावलं. गेम नीट चालायचा तर ग्राफिक कार्ड वेगळं लागतं. ते कार्ड मदरबोर्डावर बसतं. आणि ते बसण्यासाठी बोर्डावर पांढऱ्या खाचांच्या बाजूला एक तपकिरी खाच लागते. "ती खाच बघूनच बोर्ड घ्या, अप्पा. खाच न्हाई तर कार्ड न्हाई, आन् कार्ड न्हाई तर गेम न्हाई." अप्पांनी मान डोलावली. कॉम्प्युटरमधलं त्यांना एवढंच कळलं होतं की तपकिरी खाच पाहिजे, आणि तेवढं त्यांनी स्तोत्रासारखं पाठ केलं.

पण घ्यायचं कुणाकडून? लातूरला त्यांचे साडू शिवलिंगप्पा होते. आदल्या वर्षापर्यंत ते शिलाई मशिनी विकायचे. हवा बदलली तशी त्यांनी अर्ध्या दुकानात कॉम्प्युटरचे भाग मांडले होते. बीडला मेहुणा महांतेश होता, त्याचाही हाच धंदा. आणि हे दोघं एका लग्नातल्या टोपी-उपरण्याच्या मानावरून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. सगळा माल लातूरचा घेतला तर बीड रुसणार, बीडचा घेतला तर लातूर. अप्पांनी नेहमीची युक्ती काढली. बोर्ड आणि पोटातलं बाकीचं सामान साडूकडून, कार्ड आणि मॉनिटर मेहुण्याकडून. आणि एकाचं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. लग्नात हे चालून जातं, कारण धोतराला किराण्याशी काही देणंघेणं नसतं.

मला बरोबर न्या, असं रुचिका म्हणाली. तेही जमणारं नव्हतं. शिवलिंगप्पांनी आपल्या पुतण्यासाठी तिला मागणी घातली होती. मुलगा गुणाचा होता, घर तालेवार होतं. पण रुचिकाला पुढे शिकायचं होतं आणि तिने आईजवळ नाही म्हणून सांगितलं होतं. अप्पांनी तो नकार लातूरला कळवलाच नव्हता. मागणीचा निकाल लागल्याशिवाय पोरीला त्या घरी कसं नेणार? तेव्हा अप्पा एकटेच गेले.

शिवलिंगप्पांच्या दुकानात त्यांच्या डोक्याचा पार भुगा झाला. साडू एकेक डबा उघडून नावं सांगत होते आणि अप्पा प्रत्येक नावाला हो म्हणत होते. शेवटी ते आपल्या विद्येवर आले. कॅबिनेटच्या पत्र्याला टिचकी मारून आवाज ऐकला. पॉवर सप्लाय दोन होते, दोन्ही दोन हातांत तोलून जड तो घेतला. बोर्ड मात्र ना वाजत होता, ना तोलता येत होता. हिरव्या ताटात कुणी गावाचा नकाशा मांडावा, तसा तो दिसत होता. अप्पांनी पाठ केलेला प्रश्न विचारला. शिवलिंगप्पांनी बोर्डाच्या कडेला बोट ठेवलं. होती, तपकिरी खाच होती. अंगठ्याएवढी, पण तपकिरी.

"आन् याच्यात चित्राचं, आवाजाचं सगळं आतच हाय," साडू म्हणाले. "वरून काही आणायचं काम न्हाई."

अप्पांना वाटलं, हे तर फारच बरं. आतलं ते आत आणि बीडचं ते वरून. पोरीला दुप्पट मिळेल. बोर्ड बांधून देताना शिवलिंगप्पांनी सहज पुतण्याचा विषय काढला आणि दिवाळीच्या पुढचा मुहूर्त धरू का, म्हणून विचारलं. अप्पांच्या दोन्ही काखांत डबे होते. ते म्हणाले, "बघू की."

आता "बघू की" हे काय उत्तर झालं? अप्पांच्या मनात ते 'नाही' होतं, जिभेवर ते काहीच नव्हतं, आणि शिवलिंगप्पांच्या कानात ते हो म्हणून गेलं. अप्पांचा सारा संसार याच एका शब्दावर चालत आला होता.

पुढच्या आठवड्यात ते बीडला गेले. महांतेशने कार्ड काढलं आणि बोर्ड कोणता घेतलाय, असं अगदी सरळ विचारलं. इथेच सगळं सुधारलं असतं. पण बोर्डाचं नाव सांगितलं की दुकानाचं निघणार आणि दुकानाचं निघालं की टोपी-उपरणं निघणार. "हाय एक, लई चांगला हाय," असं म्हणून अप्पांनी विषय मिटवला.

जोडणीच्या दिवशी महादेवीने, म्हणजे अप्पांच्या बायकोने, सगळ्या डब्यांना हळदकुंकू लावून नारळ फोडला. रुचिका चटईवर बसली आणि एकेक भाग काढत गेली. बोर्ड हातात घेतल्यावर तिचे हात थांबले. तिने तो उलटसुलट केला. मग कार्ड काढून त्या तपकिरी खाचेवर धरलं. कार्डाच्या सोनेरी दातांची रांग चांगली बोटभर लांब आणि खाच अंगठ्याएवढी.

"ही ती न्हाई, अप्पा. ही दुसऱ्याच कामाची हाय."

"पण तपकिरी हाय की," अप्पा म्हणाले. त्यांना खरोखर कळेना. रंग तोच आणि खाच ती नव्हे, हा कुठला न्याय?

रुचिकाने न कुरकुरता कार्डाशिवाय जोडणी केली. कॉम्प्युटर चालू झाला, पण गेममधली मोटार दहा हात जायची की थबकायची, पुन्हा जायची, पुन्हा थबकायची. वळण येईपर्यंत बाकीच्या मोटारी पार निघून गेलेल्या. महादेवीने कार्ड डब्यासकट देव्हाऱ्यात ठेवलं होतं, ते तिथेच राहिलं. बोर्ड बदलून आणा, असं रुचिका म्हणाली की अप्पा रोज नवी सबब काढायचे. दुकानात माणूस नाही. लातूरची गाडी वेळेवर नाही. साडूंना वाटेल आपण त्यांच्या मालाला नाव ठेवतो. मग महांतेशलाच कार्ड परत दिलं तर? नको, त्यालाही वाटेल. रात्री अंथरुणावर पडले की त्यांना वाटायचं, आपण तर सगळ्यांचं मन राखलं, मग घरात एवढं उदास का वाटतंय?

एके दिवशी ते दुकानातून आले तर कॉम्प्युटरवर चादर टाकलेली. रुचिका शेजारी नुसतीच बसली होती. गेम खेळत नाहीस का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, असलं खेळून काय करू? आणि मग खाली बघत म्हणाली, "अप्पा, हा बोर्ड परत घ्या एवढं काकांला म्हणायला तुमची जीभ उचलत न्हाई. मग माझ्या लग्नाला न्हाई कोण म्हणणार?"

पोरीला लातूरचा मुहूर्त माहीत नव्हता, त्यांनी तो कुणालाच सांगितला नव्हता. स्वयंपाकघरात महादेवीच्या हातातली भाकरी थापायची थांबली होती. सकाळी तिने अप्पांना न विचारता रुचिकाकडून बोर्ड काढून बांधून घेतला आणि बरोबर स्टीलचा एक डबा दिला. तिच्या बहिणीला, रुद्राणीला, कारळाची चटणी आवडायची. हा डबा सिरसाळा ते लातूर वर्षानुवर्षं फिरत होता. जाताना चटणी, येताना लाडू. काही नसलं तर निदान मूठभर साखर. रिकामा डबा तर परक्यालाही कुणी परत करत नाही.

एसटीत अप्पा वाक्य घोळवत बसले. अंबाजोगाई आलं तरी ते वाक्य त्यांना जुळवता आलं नव्हतं. शेवटी दुकानात पाय ठेवताच ते एका दमात बोलून मोकळे झाले की हा बोर्ड आमच्या कामाचा नाही, बदलून द्या. आणि गंमत बघा, आभाळ कोसळलं नाही. शिवलिंगप्पांनी चष्मा वर करून बोर्ड पाहिला, मागच्या फळीवरून दुसरा काढला आणि म्हणाले, याला कार्ड मात्र वेगळं लागेल.

"कार्ड हाय, अण्णा. बीडहून आणलंय. महांतेशकडून."

शिवलिंगप्पा म्हणाले की आधीच सांगितलं असतं तर पहिल्या दिवशीच बरोबर बोर्ड दिला असता. मालाशी माझं भांडण नाही, असंही म्हणाले. अप्पा थक्क झाले. ज्याला ते दोन महिने भीत होते ते भूत असं चहाच्या कपात मावणारं निघालं. नव्या बोर्डावर लांबलचक तपकिरी खाच होती. अप्पांनी ती बोटाने चाचपून बघितली आणि त्याच हिमतीत, बोट खाचेवर तसंच ठेवून, ते म्हणाले, "आन् त्या मागणीचं न्हाई जमत, अण्णा."

शिवलिंगप्पांनी चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला.

"तुमी बघू म्हणला होता," शिवलिंगप्पा म्हणाले. "सोयऱ्यानं बघू म्हणलं की ते हो असतंय. मी भावाच्या घरात सांगून बसलो. मुहूर्त काढलाय त्यांनी."

"चुकलं माझं. तवाच न्हाई म्हणायला पायजे होतं. पोरगी न्हाई म्हणतीय, आन् मी बी न्हाईच म्हणतो."

शिवलिंगप्पांनी बोर्ड बांधून दिला. धंद्यात त्यांनी कसर केली नाही. पण एरवी ते स्टँडपर्यंत सोडायला यायचे, आज गल्ल्यावरून उठले नाहीत. घर दुकानाच्या मागेच होतं, दुकानातलं बोलणं तिथे ऐकू जायचं आणि चटणीचा डबा मघाशीच आत गेला होता. तिथून रुद्राणी आली, तिने खाली मान घालून डबा अप्पांच्या पिशवीत ठेवला आणि आत निघून गेली. पिशवी उचलली तेव्हाच अप्पांना कळलं. भांड्यांतला माणूस तो, झाकण उघडायची त्यांना गरज नव्हती.

परतीच्या वाटेवर त्यांचा सगळा हिशेबच चुकला. इतकी वर्षं कुणाला दुखवलं नाही म्हणून आपण चांगले, असं ते धरून चालले होते. आज एका घराला दुखवलं, तर आता आपण कोण? बरं केलं म्हणावं तर पिशवीतला डबा खुपत होता, वाईट केलं म्हणावं तर छाती हलकी झाली होती. दोन्ही एकाच वेळी कसं असतं, हे त्यांना सिरसाळा आलं तरी उमगलं नाही.

रुचिका दारातच होती. तिने आधी बोर्ड उघडला, खाच पाहिली आणि तशीच चटईकडे पळाली. अप्पांनी तिला तिथूनच सांगितलं की लातूरला त्या दुसऱ्या गोष्टीलाही नाही म्हणून आलोय. पोरीने वळून बघितलं. तिचे डोळे भरून आले. मग स्क्रू हातात घेऊन ती कामाला लागली.

महादेवीने पिशवीतून डबा काढला. झाकण उघडलं. आत काही नव्हतं. स्वच्छ घासून, पुसून, कोरडा करून दिलेला डबा. तिने त्यात बराच वेळ बघितलं. तिची एकच बहीण होती. अप्पा खांबाला टेकून उभे राहिले.

महादेवीने झाकण लावलं आणि डबा फळीवर त्याच्या जागी ठेवला. मग देव्हाऱ्यातून कार्ड काढलं, पदराने त्याच्या डब्यावरचं कुंकू पुसलं, ते रुचिकाच्या हातात दिलं आणि आजवर त्या यंत्राकडे ढुंकूनही न बघितलेली ती बाई लेकीच्या शेजारी चटईवर बसली.

"लाव," ती म्हणाली. "मला बघायचीय तुझी मोटर."