माठातला नमुना

पोरीला थोपटून हर्षला पडवीत आली तेव्हा प्रयोगशाळेचा विपुल बाटलीवर चिठ्ठी डकवत होता. चिठ्ठीवर होतं: विहीर, सकाळी दहा.

"विहिरीवर कधी गेलात तुम्ही?"

"काकींनी दिलं की पाणी, वहिनी."

वरच्या अंगाला कारखान्याचा नाला फुटल्यापासून विहिरीचं पाणी पिवळसर झालं होतं. आठ महिन्यांच्या पोरीची पेज त्याच पाण्यात शिजत होती, आणि पंधरा दिवस तिचं पोट ठिकाणावर नव्हतं. खालापूरला सात खेपा घालून हर्षलानं हा माणूस आणवला होता. बी.एस्सी. झालेली बाई, पाण्यात विरघळलेली घाण फडक्यात अडकत नाही आणि उकळल्यानं जात नाही, हे तिला कळत होतं. म्हणून तर पाण्यात आम्लाचे थेंब टाकून ते पांढऱ्या भुकटीच्या नळीतून सोडायचं. विरघळलेला सेंद्रिय मळ भुकटीला चिकटतो. मग तो सोडवून यंत्रावर तपासायचा.

पाणी नळीतून उतरून गेलं होतं, तरी भुकटी पांढरीफेक होती.

"आई, कुठलं पाणी दिलंत?"

"माठातलं गं," सासूबाई, सोनुबाई म्हणाल्या. "पाव्हण्यासमोर पिवळं पानी ठेवायचं व्हय? कालच तुरटी फिरवलेली हाय."

हर्षला सणकून विपुलकडे वळली. "तुरटीनं बराच मळ तळाला बसतो. जो शोधायला आलात तोच माठाच्या बुडाशी राहिला. आणि वर विहीर लिहिता?"

"अहो, पाणी तेच ना. खाली किती पायऱ्या आहेत बघितल्यात?"

"रोज मोजते." आतून पोर रडली. हर्षलानं तिला आणलं आणि सरळ विपुलच्या मांडीवर ठेवलं. "धरा. जागचं हलायचं नाही."

त्याचीच काचेची बाटली घेऊन ती विहीर उतरली. परत आली तेव्हा पोर त्याच्या ओळखपत्राची दोरी चघळत होती आणि तो मुकाट जोजवत होता.

"आता करा. माझ्यासमोर."

नवी नळी लागली. अर्धी बाटलीही उतरली नाही तोच भुकटी आधी पिवळी झाली, मग तांबूस, मग कोऱ्या चहासारखी.

सोनुबाई चहा घेऊन आल्या होत्या. विपुलनं एकदा नळीकडे पाहिलं, एकदा कपाकडे.

"नको काकी, आत्ताच झाला."

"घ्या की," हर्षला म्हणाली. "पाणी तेच ना?"

त्यानं जुनी चिठ्ठी खरवडून काढली आणि नवी लिहायला घेतली. सोनुबाई आत गेल्या, आणि चुलीवरची पेज परसात ओतल्याचा आवाज आला.