न दाखवलेला तुकडा

पांढरं बटण. टेबलाच्या पायापाशी, फरशीच्या सांध्यावर अडकलेलं... आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर मुलीचा तळहात, फरशीवरून फिरणारा. डावीकडे. पुन्हा डावीकडे. बटण उजवीकडे आहे, हे आईला ओट्यापाशी उभ्या जागेवरून दिसतंय, दिवा न लावताही दिसतंय, आणि ती बोलत नाही. बोललं की कळायचं नाही. छोटी चाचपतेय ती दिसत नाही म्हणून, की सहा वर्षांची मुलं अशीच, डोळे भलतीकडे ठेवून हातानेच शोधतात म्हणून?

मग ते सापडलं. छोटीने गणवेशाचं बटण तिच्या हातावर आणून ठेवलं आणि चप्पल घालायला पळाली. पण दिसलं म्हणून सापडलं की हाताला लागलं म्हणून, ते पुन्हा राहूनच गेलं.

नवरा चहा पिता पिता हे बघत होता. असा पहारा ठेवलास तर चांगली डोळस पोर भिंतीवर जाऊन आदळेल, म्हणाला. हसत म्हणाला. त्याला हसता येतं. त्याच्याकडे म्हातारी माणसंसुद्धा चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई काही हसल्या नव्हत्या. आईकडच्या आजोबांना रातांधळेपण होतं म्हणून नातीला येईलच असं नाही, पण येऊ शकतं. खात्रीची तपासणी ती जरा मोठी झाली की करू. तोवर अंधारात अडखळते का, एवढं बघत राहा. बघत राहा—जसं काही मला दुसरं काही येत होतं.

ऑफिसात दिवसभर पुन्हा आकाशच. मुलांच्या पुस्तकाची पानं, महिन्याला एक. जानेवारीत मृग, त्याच्या पोटातले तीन तारे, त्या रेषेत खाली व्याध. एप्रिलमध्ये उत्तरेला सप्तर्षी, त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती, आणखी पुढे चित्रा. जुलैत दक्षिणेला विंचू, छातीत लाल ज्येष्ठा. ऑक्टोबरात डोक्यावर हंस, नोव्हेंबरात शर्मिष्ठा... हे सगळं तिने न बघता लिहिलं होतं. जानेवारीच्या नकाशात नैर्ऋत्येचा मोठा तुकडा कोराच राहिला होता. तिथे काही घालायचं का, तिने विचारलं. संपादकबाई म्हणाल्या, तिकडे सांगण्यासारखं काही नाही, राहू दे. आणि वर म्हणाल्या, "अगं, आपण सांगितलं की दिसतं लोकांना. न सांगता कोण वर बघतंय?"

सांगितलं की दिसतं. पेन्सिल हातात तशीच राहिली.

बाबा सांगायचे. गच्चीवर, तिच्या खांद्यामागून हात पुढे काढून, बोट अगदी नेमकं—ती बघ ज्येष्ठा, लाल आहे की नाही? असायचीच लाल. ती कॉलेजात होती तेव्हाचा तो उन्हाळा. त्यांनी असंच बोट धरलं, तिने ज्येष्ठा पाहिली, आणि वळून जिन्याकडे जाताना ते वाळत घातलेल्या गादीवर सरळ चालत गेले आणि अडखळून पडले. गादी पांढरी होती. चांदणं होतं. रात्रीचं दिसेनासं होऊन किती वर्षं झाली बाबा, तिने नंतर विचारलं, तेव्हा ते गुडघा चोळत म्हणाले होते, "तुला दिसत होतं ना? मग झालं की."

आणि मी काय केलं वर्षभर? तेच. तोच खांदा, तेच बोट. डोळे तपासायचे म्हणून रोज गच्चीवर नेलं आणि विचारायच्या आधी उत्तर सांगत गेले.

जानेवारीच चालू होता; संध्याकाळी अंधार पडल्यावर दोघी वर गच्चीवर गेल्या. जिन्यात छोटी कठड्याला धरून चढली—पण कठड्याला धरून चढ, हे तरी कोणी शिकवलेलं? वर पोचताच तिने स्वतःहून बोट उचललं. "ते तीन, ओळीत. आणि खाली व्याध. बरोबर ना, आई?"

बरोबर. बोट बरोबर, जागा बरोबर. आईने त्या बोटावरून पाहिलं आणि तीन तारे दिसले, व्याध दिसला, छाती हलकी झाली... आणि मग ते विरले. तिकडे ढग होता. पूर्वेची अख्खी बाजू ढगाने लिंपलेली, एकही तारा नव्हता. पण मलाही दिसले होते. क्षणभर का होईना, माझ्या चांगल्या डोळ्यांना दिसले होते. मग पोरीचं खोटं म्हणायचं, आंधळेपण म्हणायचं, की नुसती चांगली पाठ झालेली कविता?

"बरोबर," ती म्हणाली. आवाज ठीक आला.

मग तिने छोटीला खांद्याला धरून हळूच वळवलं, नैर्ऋत्येकडे. तिकडे ढग नव्हता. तिकडे बाबांचं बोट कधी गेलं नव्हतं, तिचंही नाही. त्या ओसाड भागात, शेजारच्या इमारतीच्या टाकीच्या बऱ्याच वर, एकच तारा होता, बऱ्यापैकी ठळक. नाव असेलच त्याला, तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने हात खाली ठेवला. खाली ठेवायला जोर लावावा लागला.

"इथे काय दिसतंय?"

छोटीने वर पाहिलं. मग आईकडे पाहिलं. तिच्या हाताकडे, हनुवटीकडे, ती कुठे बघतेय तिकडे.

"काय असायला हवं?"

सांगून टाकावं, एक तारा, तो बघ, टाकीच्या वर—शब्द दातांपर्यंत आले. सांगितलं तर छोटीला दिसेल. आजही, आणखी दहा वर्षांनीही, मी म्हणेन ते तिला दिसत राहील, आणि एखाद्या रात्री ती गादीवर चालत जाईल.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "हे मला कोणी दाखवलं नाही. तू सांग. काही नसलं तर काही नाही म्हण, चालेल मला."

चालेल का? बोलून गेले खरी.

पण आपल्या चेहऱ्यावर छोटी तो तारा वाचेल, एवढं तिला कळलं, आणि छोटीचा हात मुठीत घेऊन तिने डोळे मिटून घेतले. सकाळच्या बटणापासून पहिल्यांदाच ती कुणाकडे बघत नव्हती. आत लालसर काळोख. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. मुठीतला छोटा हात सुटला—वर गेला असेल, नाहीतर नाक पुसायला गेला असेल—आणि पापण्या उघडायची केवढी घाई असूनही मी त्या मिटलेल्याच ठेवल्या, तिला लागेल तितका वेळ.