दलदलीच्या श्वासावर बसलेली पेटी

मी एक जुनी पारदर्शक पेटी आहे. मला तळ नाही. हे सुरुवातीलाच सांगते, म्हणजे नंतर कुणी माझ्यात काही ठेवायला जाणार नाही आणि ते कुणाच्या पायावर पडणार नाही. मी जमिनीवर पालथी बसते. माझ्या डोक्याला दोन भोकं आहेत, त्यांतून दोन नळ्या जातात, आणि पोटात एक छोटासा पंखा फिरतो. पोटात पंखा फिरत असताना शांत कसं बसायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला, पण बालपण गेलं बेकरीत. काउंटरवर केक झाकायचं काम होतं. लहान मुलं माझ्या अंगाला नाक लावून उभी राहायची. ती माझ्याकडे बघतात असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. मग बेकरीत दिवे लावलेलं काचेचं कपाट आलं आणि माझी रवानगी मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांवर झाली. तिथे माझ्यावर मांजर झोपायचं. निदान कुणाला तरी माझा उपयोग होता.

एक दिवस एक बाई पाव घ्यायला आल्या. त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत, कारण त्या वर डोंगरात जाऊन हवा मोजत. त्यांनी मागवलेलं खरं उपकरण कुठल्याशा बंदरात अडकून पडलं होतं. त्यांची नजर मागच्या खोलीत गेली.

"ती पेटी विकता का?"

"ती?" बेकरीवाला म्हणाला. "तिच्यावर मांजर झोपतं हो."

"मांजर नको. नुसती पेटी द्या."

अशी मी विज्ञानात आले. बाईंनी मला भोकं पाडली, कडांना रबर लावलं आणि खेचराच्या पाठीवर बांधलं. खेचरवाला काका बरोबर होता. वारा सुटला की मी थरथर वाजायचे आणि खेचर मागे वळून माझ्याकडे असं बघायचं, की जणू मीच त्याच्या पाठीवर बसून गात आहे.

वर, जिथे झाडंसुद्धा उगवायला कंटाळतात, तिथे डोंगरांच्या कुशीत एक दलदल होती. दिसायला हिरवी गादी. पाऊल टाकलं की दूरवरचं गवतही डुलायचं. बाईंनी तिच्यात जागोजागी माझ्या मापाची लोखंडी कडी रोवली होती आणि चालायला फळ्या टाकल्या होत्या. मला एका कड्यावर बसवायचं, नळ्या मीटरला जोडायच्या, आणि माझ्या आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो की घटतो ते पडद्यावरच्या रेघेत बघायचं. रेघ खाली उतरली तर दलदल वायू आत घेतेय. वर चढली तर बाहेर सोडतेय. जरा बूड टेकतंय तोवर मला उचलून पुढच्या कड्यावर. कधी ऐन दुपारी माझ्यावर काळं कापड टाकत, म्हणजे आतल्या शेवाळाला रात्र झाल्यासारखं वाटावं. शेवाळ बिचारं लगेच जेवण थांबवायचं. कापड काढलं की पुन्हा सुरू. इतकं भोळं गिऱ्हाईक बेकरीतही कधी आलं नव्हतं.

बाई एकदा काकाला समजावत होत्या. "उन्हात शेवाळ हवेतून कार्बन घेऊन वाढतं. मेलं की पाण्याखाली जातं. तिथे थंडी, आणि हवा नाही. त्यामुळे ते धड कुजतच नाही. हजारो वर्षं साठत राहतं."

"म्हणजे आमचा फ्रीज," काका म्हणाला. "बायको काही टाकू देत नाही."

"अगदी तसाच. फक्त दार उघडं राहता कामा नये."

ती वर्षं माझ्या कौतुकाची होती. पाहुणे यायचे, माझ्यासोबत फोटो काढायचे. वर्षभराचा हिशेब लावला की दलदल सोडत होती त्याहून थोडं जास्त घेत होती. पण मला काही स्वस्थता नव्हती, कारण मीटरचा पडदा माझ्याकडे पाठ करून असायचा. रेघ मला दिसत नसे. मी बाईंच्या भुवया वाचायचे.

मग हवामान बिघडायला लागलं. एका वर्षी बर्फ लवकर वितळला. शेवाळ लवकर उठलं, भराभर वायू घेऊ लागलं, आणि बाईंच्या भुवया खूश झाल्या. ती खुशी उन्हाळ्याच्या मध्यापर्यंतच टिकली. पाऊस आलाच नाही. ऊन मात्र रोज, हजेरी लावल्यासारखं. पाणी खाली गेलं, हिरवी गादी पांढुरकी पडली, आणि जिथे कधी हवा शिरली नव्हती तिथे भेगांतून हवा शिरली. फ्रीजचं दार किलकिलं झालं होतं.

नेमके त्याच उन्हाळ्यात दादा आले. दादा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ, बांधकामाचे ठेकेदार. खालच्या गावाच्या समितीला वर येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांसाठी वाहनतळ हवा होता, आणि सपाट जागा एकच होती. चर खणून दलदलीचं पाणी काढून टाकायचं आणि वर खडी पसरायची, असं दादांचं गणित. एका टोकाला त्यांनी नमुन्याचा एक छोटा चर खणूनही ठेवला होता. समिती म्हणाली, आधी बाईंची मोजणी होऊ दे. दलदल कार्बन घेत असेल तर तिला हात लावायचा नाही. सोडत असेल तर ती गेल्यातच जमा आहे, मग खणायला काय हरकत?

दादांचं बहिणीवर फार प्रेम. ते तिला बेडकी म्हणत. ती उपाशी राहील म्हणून रोज सकाळी डबा घेऊन चढून यायचे आणि संध्याकाळपर्यंत माझ्याजवळच्या फळीवर बसून राहायचे.

"बेडके, आधी खा. तुझं गवत कुठे पळून जात नाही."

"तूच ते घालवायला निघालायस, दादा."

"ते कामाचं झालं. भेंडीची भाजी आहे, गार होतेय."

आणि त्याच दिवसांत रेघ वर चढायला लागली. चढायला म्हणजे, शिडीसारखी सरळ उभी. बाईंनी नळ्या तपासल्या, रबर बदललं, मला साबणाने घासलं. मग संशय खेचरावर गेला. ते नळीजवळ श्वास सोडतं, म्हणून त्याला पार पलीकडच्या उतारावर नेऊन बांधलं. रेघ तशीच. खेचर तिथून आमच्याकडे बघत राहिलं. निर्दोष असून शिक्षा भोगणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे असतं, ते त्याच्या चेहऱ्यावर आधीपासूनच होतं. बाईंचं जेवण सुटलं. समितीची बैठक जवळ येत होती, आणि अशी रेघ दाखवली तर दुसऱ्याच दिवशी खोदाई सुरू झाली असती.

मला मात्र खालून काहीतरी जाणवत होतं. बुड बुड बुड. पण पेटीला सांगता येत नाही.

त्या दुपारी बाई घास हातात धरून पडद्याकडे बघत होत्या. अचानक म्हणाल्या, "दादा, पाय हलवू नकोस."

"मी कुठे हलवतोय?"

"गुडघा बघ तुझा."

दादांनी गुडघ्याकडे असं पाहिलं, जणू तो शेजाऱ्यांचा होता. गुडघा शिलाई मशीनसारखा चालला होता. फळी हलत होती, फळीखालची जमीन हलत होती, आणि चिखलात अडकलेले वायूचे बुडबुडे पिळून निघून थेट माझ्या पोटात येत होते. बाई एकट्या असताना फळीवर मांजरीसारख्या वावरायच्या. दादांना ते कुणी सांगितलंच नव्हतं.

"लहानपणापासूनची सवय आहे गं," दादा ओशाळून म्हणाले. "आई बांधून ठेवायची."

त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला. बाईंनी मला उचलून हवा बदलली आणि पुन्हा बसवलं. भुवया हळूहळू खाली आल्या. मग मध्येच थांबल्या.

"उतरली का?" दादांनी विचारलं.

"शिडी गेली. पण अजून चढतेच आहे, दादा. थोडी. ती खरंच सोडतेय."

दादांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना तो सापडेना. मग बाई मला घेऊन त्यांच्या चराजवळ गेल्या, दादांना लांबच्या खडकावर बसवलं आणि मला चराकाठच्या लोखंडी कड्यावर ठेवलं. तिथली माती काळी पडून भुसभुशीत झाली होती. खाली बुडबुडे नव्हते, कुणाचा गुडघा नव्हता, पण माझ्यात हवा जड होत गेली. बाईंनी पडदा उचलून खडकाकडे नेला.

"शिडी आहे ही," दादा म्हणाले. "आणि आता तर मी इथे बसलोय."

"हो."

"म्हणजे हा माझा चर."

डब्यातली भाजी बाईंनी त्या दिवशी संपवली.

बैठकीत बाईंनी मला टेबलावर ठेवलं. अध्यक्षांनी मला उचललं, माशा येत होत्या म्हणून बिस्किटांच्या बशीवर झाकलं आणि सभा सुरू केली. विज्ञानात इतकी वर्षं काढल्यावर माझ्यावर पुन्हा ही वेळ आली.

"एका वाक्यात सांगा," अध्यक्ष म्हणाले. "घेते का सोडते?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "यंदा सोडते," त्या म्हणाल्या. "पाणी खाली गेलंय म्हणून. चर खणला तर ते कायमचं खाली जाईल, आणि हजारो वर्षांचं साठवलेलं बाहेर यायला लागेल. चराकाठी ते आत्ताच येतंय."

"सोडते ना? मग झालं. ठेकेदार, कधी सुरू करता?"

दादा उभे राहिले. "पाणी काढणं मला येतं," ते म्हणाले. "परत घालणं येतं की नाही, ते माहीत नाही. मोडलेलं जोडता येत नसेल तर मी मोडायचं काम घेत नाही. आधी माझा चर बुजवून बघतो. जमलं तर पुढचं बोलू."

"आणि नाही जमलं तर?"

"तर गाड्या खाली, खडकाळ माळावर. पाहुण्यांना पाय आहेत."

अध्यक्षांनी मला उचलून बिस्किट घेतलं, विचार केला आणि एक वर्ष दिलं.

दादांनी चरात आडव्या फळ्या ठोकल्या, मधे माती आणि शेवाळाचे गठ्ठे भरले. पुढच्या वर्षी बर्फही बरा पडला आणि पाऊसही आला. दलदलीच्या मध्यावर मी बसले, आणि बाईंच्या भुवया बऱ्याच दिवसांनी खूश झाल्या. रेघ खाली उतरत होती. चराकाठी मात्र नाही. तिथे ती अजून चढत होती, पूर्वीपेक्षा कमी, पण चढत होती. दादा रोज विचारत, बाई रोज नकाराची मान हलवत. शेवटी ते म्हणाले, "भिंत बांधायला सांग, पूल सांग. हे मला बांधता येत नाही, बेडके." वाहनतळ खालच्या माळावर झाला. पर्यटक धापा टाकत वर येतात आणि दादांच्या नावाने बोटं मोडतात.

मित्रांनो, आता माझ्या अंगावर ओरखडे पडले आहेत, ऊन पूर्वीसारखं आरपार जात नाही, आणि बंदरातलं ते खरं उपकरण सुटल्याची बातमी आहे. त्याची मला फारशी काळजी नाही. मला चैन पडत नाही ते वेगळ्याच कारणाने. चर बुजवता येतो, पण तापणारं ऊन आणि न येणारा पाऊस फळ्या ठोकून अडवता येत नाही. ते कमी करायचं काम खाली, तुमच्या घरांत आणि रस्त्यांवर आहे. तेवढं कराल ना? आणि कुठे ओली, डचमळणारी, निरुपयोगी दिसणारी जमीन भेटली, तर तिला कोरडी करायची घाई करू नका. तिच्याजवळ कुणी पेटी घेऊन बसलेलं दिसलं तर जरूर थांबा, बघा, प्रश्न विचारा. फक्त श्वास सोडताना तोंड तेवढं दुसरीकडे करा.