दुसरी किल्ली

हार्वेस्टरच्या पुढच्या पात्यांत पेंढा अडकला की दादांचं सोवळं सुरू होई. आधी यंत्र बंद, मग किल्ली काढून स्वतःच्या खिशात, मग सगळं फिरायचं थांबेपर्यंत नुसतं उभं राहायचं, आणि मगच आत हात. पंधरा हंगामांत यात कधी खंड पडला नाही. लोक त्यांना 'किल्लीदादा' म्हणत आणि पाठ वळली की हसत. "हसा लेको," दादा म्हणत, "माझी बोटं मोजा. दहाच्या दहा आहेत."

धाकट्या भावाला हे सोसत नसे. कामाला तो वाघ, पण दम धरणं त्याच्या रक्तातच नव्हतं. "दादा, तू यंत्र बंद करतोस की मुहूर्त काढतोस?" असं तो चारचौघांत विचारी. तरी दादांनी त्यालाच शेजारी बसवून यंत्र शिकवलं होतं. शेवटी पाठचा भाऊ!

त्या दुपारी अर्धा गहू उभा होता आणि आभाळ भरून आलं होतं. नेमका तेव्हाच पेंढा अडकला. दादांनी यंत्र बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि सगळं थांबल्यावर गुडघे टेकून पात्यांत हात घातला. धाकटा ट्रॉलीत धान्य रिकामं झालंय का, ते बघायला गेला होता.

एकाएकी इंजिन गरजलं. पाती सरकली, बाही ओढली गेली, खांद्यापासून टरकन फाटली आणि दादा मागे खुंटांवर आपटले. पडल्या पडल्या त्यांनी खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती.

यंत्र बंद करून धाकटा खाली उतरला तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "मला वाटलं, तू पाणी प्यायला गेलास."

"चालू कशाने केलंस?"

त्याने मूठ उघडली. आत दुसरी किल्ली होती. "गेल्या वर्षी करून घेतली. तू किल्ली घेऊन कुठेतरी जाऊन बसतोस, काम खोळंबतं."

गेल्या वर्षी! तेव्हापासून आपण किती वेळा त्या पात्यांत वाकलो, ते दादांना मोजवेना. त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. अडकलेला पेंढा तसाच सोडून ते घराकडे चालू लागले.

बायको भांडी पुसत होती. तिने फाटकी बाही पाहिली, हातातलं टाकून धावली, कोपर धुतलं, मलम लावलं. दादांनी घडलं ते सगळं सांगितलं. ती डोळे पुसत होती, मान हलवत होती. पण दुसरी किल्ली आली कुठून, हे काही तिने विचारलं नाही.

दादांनी हात काढून घेतला. "तुला माहीत होतं?"

तिने मलमाचं झाकण लावलं. "भाऊजींनी तशीच दुसरी करून घ्यायला तुमची किल्ली एका दिवसापुरती मागितली होती. मीच दिली. तुमच्या कानावर घातलं असतं तर दोघा भावांत वाजलं असतं. म्हटलं, कशाला उगाच घरात कटकट."

"वर्षभर मी तिथे हात घालत होतो," दादा म्हणाले, "आणि तू रोज सकाळी मला सांगायचीस, जपून जा म्हणून."