इंग्रजीण हेस्टर

“परके! आपल्याच घरात बसलेल्या आपल्याला इंग्रज म्हणाले, परके!” इदवालने टेबलावर मूठ आपटली. हेस्टरने बशीत सांडलेला चहा शांतपणे पुसला.

गुरुवारी स्तोत्रांची तालीम संपली की चॅपेलमागच्या खोलीत चहा होतो आणि ‘वेल्श’ या शब्दाचा खटला उभा राहतो. इदवाल सुतार हा त्यातला कायमचा वकील. आरोपी मरून हजारएक वर्षं झाली असल्यामुळे उलटतपासणीची भीती नाही.

“आपण स्वतःला काय म्हणतो? कम्री. एका मातीतले सोबती. आणि त्यांच्या जुन्या बोलीत वेल्श म्हणजे परका. दुसऱ्याच्या दारात यायचं आणि घरमालकालाच विचारायचं, कुठले पाव्हणे?”

“केक घे,” हेस्टर म्हणाली.

“यातला हा अक्रोडसुद्धा! इंग्रजीत वॉलनट. त्याचं गोत्र तेच. परक्या मुलखातलं फळ.” एवढं बोलून इदवालने ते परकं फळ आवडीने तोंडात टाकलं.

आमच्या या वेल्श गावात आडनावं जेमतेम तीन-चार, त्यामुळे माणूस धंद्यावरून ओळखायचा. इदवाल सुतार, ग्वेनलिअन टपाल, मी इलिस खाटीक. माझं दुकान कधीच बंद झालं, पण खाटीकपण उतरत नाही. हेस्टर मात्र ‘इंग्रजीण हेस्टर’. तरुणपणी इंग्रजांच्या लँकशायरहून शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आली, पाटीच्या दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या एमरिसशी लग्न केलं, आमची भाषा शिकली. निम्मं गाव तिच्या हातचं जेवून वाढलं. प्रत्येक मयतानंतरचा चहा तिचाच. गेल्या हिवाळ्यात एमरिस गेला, त्या दिवशीही किटली तिच्याच हातात. कुणी घ्यायला गेलं तर सोडेना.

“रविवारी बहिणीला कळवायचंय,” ती कप गोळा करता करता म्हणाली. “लँकशायरला कायमची ये म्हणते. खोली रंगवून ठेवलीय.”



“जा की,” इदवाल रिकाम्या कपात चमचा ढवळत म्हणाला. “आपल्या माणसांत राहशील.”

त्याच्या मनात वाईट नव्हतं. गहिवर आला की तो असंच काहीतरी बोलतो. बायको वारली तेव्हा तो पाद्रीबाबांना दरवाज्याच्या बिजागऱ्यांबद्दल सांगत होता.

“आपल्या माणसांत?” हेस्टरला हसू आलं. “तिकडे मला काय म्हणतात ठाऊक आहे? आमची वेल्श हेस्टर. मी तोंड उघडलं की भाचरं खिदळतात. म्हणजे तिकडची परकी मी आणि इकडची इंग्रजीणही मीच. तू ज्या शब्दासाठी दर गुरुवारी कप फोडायला उठतोस ना बाबा, तो मी दोन्हीकडून सोसतेय. तुझ्या वाट्याला निम्माच आलाय.”

ग्वेनलिअनला एकदम खोकला आला.

“आम्ही आपलं प्रेमाने म्हणतो गं,” इदवाल पुटपुटला.

“ते इंग्रजही तेच सांगतील,” ती म्हणाली आणि कप विसळायला गेली.

इदवालने पुढ्यातला केकचा तुकडा उचलला, पाहिला आणि परत ठेवला. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

रविवारी चॅपेल सुटलं. हेस्टर कुणाशी न बोलता उतार उतरू लागली. घरी जाऊन ती फोन करणार, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे हवेबद्दल बोलत होते. इदवाल पायरीवर उभा होता, टोपी चुरगाळत.

“हेस्टर किटली!” तो एकदम ओरडला.

उतारावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. हेस्टरने नाही. ती चालतच राहिली. दुसऱ्या कुणाला हाक मारली, असं वाटलं असावं.

“अगं ए किटली! गुरुवारी केक अक्रोडाचाच हवा!”

ती थांबली. लगेच वळली नाही. हातमोजा काढला, टोपीखालून सुटलेली बट आत सारली. एमरिसबरोबर फोटोला उभी राहताना सारायची तशी. मग वळली.

“मग अक्रोड तू आण, सुतारा,” ती म्हणाली आणि बहिणीला फोन करायला घरी गेली.