तुडतुड्यांची शिकार

"इस्तारी, बाजूले सर. पंप मारू दे," सरपंच दादाजी म्हणाले.

इस्तारी तलावाच्या पाळीवर तसाच उभा राहिला. मासे धरावेत, बायकोनं ते चामोर्शीच्या बाजारात विकावेत, सभेत मागं बसून मान हलवावी, असा हा माणूस. जन्मात कुणाला आडवा गेला नव्हता.

"औषध पाण्यात पडन, दादाजी. मासोळ्या मरतीन."

"अन् आंबे गेले तं?"

दादाजींचंही खोटं नव्हतं. पाळीवरच्या गावाच्या पाच आंब्यांना यंदा, सत्त्याऐंशी साली, उदंड मोहर आला आणि करपू लागला. कुणी म्हणे धुकं, कुणी म्हणे नजर. झाडाखाली जाळं विणताना धागा बोटांना चिकटला, तेव्हा इस्तारीनंच वर पाहिलं. फांदी हलवली, तर पाचरीच्या आकाराचे बारके भुरे किडे तडतड उडाले. चार किडे डबीत घालून त्यानं ते कृषी सहायक श्रीहरींना दाखवले होते.

"तुडतुडे," ते म्हणाले होते. "मोहराचा रस पितात, गोड चिकटा गाळतात. त्याच्यावरच ही काळी बुरशी."

आज दादाजींसोबत पाळीवर आलेले तेच श्रीहरी पेचात पडले. "भाऊचं बरोबर हाये. तलावाकाठी विष नको. पण मंग करता काय?"

"उडते त्याले धरता येते, साहेब," इस्तारी हळूच म्हणाला. "मले तीन रोज द्या."

तुडतुड्यांना दाट सावली आवडते, हे श्रीहरींनी सांगितलं. म्हणून इस्तारीनं आधी आतल्या बिनमोहराच्या फांद्या छाटल्या. मग माशांची पिल्लं धरायची बारीक विणीची जाळी मोहाच्या तेलात भिजवून बांबूंना ताणली. सकाळी गारठ्यात बाया डहाळ्यांनी फांद्या हलकेच झोडू लागल्या. किडे उडाले आणि जाळ्यांना चिकटले. जे निसटले, ते पाण्यात पडले. खालून मासे उसळले.

"पाहा वं माय! मासोळ्यायची पंगत बसली!" इस्तारीची बायको गोकुळा ओरडली, तशी सारी पाळ हसली. दादाजींनी पंप ठेवून स्वतःच बांबू धरला. त्यांच्या मिशीला तेल लागलं, तिथंही दोन तुडतुडे चिकटले. हसून हसून गोकुळा खालीच बसली.

तिसऱ्या दिवशी जाळी किड्यांनी भरून काळपट झाली. सगळे किडे काही गेले नाहीत, करपलेला मोहरही परत आला नाही. पण उरलेल्यावर पंधरवड्यानं तुरीच्या दाण्याएवढे आंबे धरले. श्रीहरी एकेक घोस मोजत लहान पोरासारखे फिरले.

चैत्रात एक अनोळखी माणूस सायकलवरून पाळीवर आला. घाम पुसत म्हणाला, "आमच्या गावच्या आंब्यायलेबी तेच झालं. तुडतुडे धरणारे इस्तारीभाऊ कुठी राह्यतेत?"

इस्तारी कमरेएवढ्या पाण्यात होता. त्याला विचारत आजवर कुणी आलं नव्हतं.

"आता सांग ना, मीच म्हून!" काठावरून गोकुळा म्हणाली.

तो बाहेर आला. हात पुसले, झुडपावरचा सदरा अंगात घातला आणि गळ्यापर्यंतची सगळी बटणं नीट लावून मग म्हणाला, "मीच. बसा."