चित्रफळा

“आता पडद्यावर काय दिसतंय, ताई?” फोनवरून मेकॅनिकने विचारलं.

“काळंच आहे सगळं. वर पांढरी अक्षरं. नाव मागितलं, दिलं. पासवर्ड मागितला, दिला. आता नुसती रेघ लुकलुकतेय.”

“इन्स्टॉल करताना यादी आली होती, त्यात डेस्कटॉपपुढची खूण ठेवलीत ना?”

“खूण? ती मी…” मशीन आधीच म्हातारं, त्याला ओझं नको, म्हणून तिने झाडून सगळ्या खुणा काढून टाकल्या होत्या.

“काढलीत!” तो हसला. “अहो, लिनक्स ही नवी सिस्टिम बसलीय व्यवस्थित, पण चित्रांचा पडदाच नाही. तिला तोंडच नाही दिलंत तुम्ही.”

मागे खुर्चीत बाबा बसले होते. तिने घाईघाईने फोनचा आवाज कमी केला.

वीजकंपनीच्या ऑफिसात ती तक्रारींच्या खिडकीवर बसायची आणि हा मेकॅनिक तिथलेच संगणक दुरुस्त करायचा. रविवार असूनही बिचारा फोनवर अडकला होता. बाबांनी छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली होती. औषधाच्या वेष्टनावरचा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा त्यांना सहन व्हायचा नाही. दीड वर्षापूर्वी उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं, त्याबरोबर वाचणंही गेलं. अक्षरं दिसायची, पण लागायची नाहीत. चित्रं मात्र कळायची. म्हणून वाचोपचारवाल्या बाईंनी संगणकावर चित्रफळा बसवून दिला. पेल्याच्या चित्रावर टिचकी मारली की मशीन ‘पाणी’ म्हणायचं. तेव्हापासून बाबा त्याच आवाजात बोलत होते. गेल्या आठवड्यात जुन्या सिस्टिमने मान टाकली. फळा तिने पेनड्राइव्हवर घेतला होता, पण तो उघडायला आधी चित्रांचा पडदा तर यायला हवा!

आता काळ्या पडद्यावरची अक्षरं बघून बाबांनी तोंड फिरवलं. ते तिला लागलं.

“डेस्कटॉप नेटवरून उतरवून घ्यायचा,” मेकॅनिक म्हणाला. “मोबाइल वायरने मशीनला जोडा. मी सांगतो ते टाइप करा.”

घरात नेट फक्त खिडकीपाशी यायचं. तिने खिडकीतली बाबांची खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि संगणकाचं टेबल ओढत खिडकीत नेलं. एकेक अक्षर तपासत आज्ञा लिहिली. पडद्यावर ओळींची रांग लागली. तासाभराने सगळं उतरलं. मशीन बंद करून चालू केलं, तर पडदा एकदा उजळला आणि पुन्हा काळाठिक्कर.

त्याच वेळी बाबांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवायला सुरुवात केली. “ता… ता…”

“पाणी हवंय?” नको. “बाथरूम?” नको. पंखा, शाल, उशी, सगळं विचारून झालं. बाबा मान हलवत होते, दांडा आणखी जोरात बडवत होते, चेहरा लालबुंद झाला होता.

“अहो, मग काय हवंय ते सांगा ना एकदाचं!” ती ओरडली.

बाबांचा हात थांबला. तो त्यांनी मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिले. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.  ती परत टेबलाशी येऊन बसली.

“ग्राफिक्स कार्डाची फाइल कमी पडतेय,” मेकॅनिक म्हणाला. “ती टाकू, येईल. धीर धरा.”

सहा वाजून गेले, तेव्हा काळ्या पडद्यावर अचानक निळा रंग पसरला. मधोमध तिच्या नावाची चौकट आली. तिच्या तोंडून हुंदकाच निघाला. पेनड्राइव्ह लावून तिने फळा उघडला आणि टेबल बाबांपुढे आणलं.

“बाबा, चुकलं माझं. मघाशी काय हवं होतं?”

बाबांनी भिंतीवरची नजर पडद्याकडे वळवली. मग डाव्या हाताने माउस धरला आणि बाण हळूहळू सरकवला.

“खिडकी,” मशीन म्हणालं. मग, “मित्र.”

तिने घड्याळाकडे पाहिलं. दर रविवारी पाच वाजता जुळारीकाका खालून जायचे. बाबांच्याच छापखान्यात त्यांनी आयुष्यभर अक्षरांचे खिळे जुळवले होते. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नसे. ते खाली काठी टेकून उभे राहायचे, बाबा वरून हात करायचे, की झाली भेट. तिने खिडकीतून वाकून पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

तिने त्यांच्या घरी फोन लावला. सुनेने उचलला.

“आले होते हो तुमच्याकडे. पाऊण तास उभे होते म्हणे. वर कुणी दिसलं नाही. एवढंच सांगितलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसलेत. मलाही तुम्हाला फोन करून विचारायचा धीर होईना… सगळं ठीक आहे ना?”

“ठीक आहे. खुर्ची मी हलवली होती. काकांना द्या ना जरा.”

तिने स्पीकर चालू करून फोन बाबांपुढे धरला. पलीकडून काठी टेकल्याचा आवाज आला.

“आहेस ना रे?” काकांनी विचारलं.

बाबांनी माउस धरला. बाण चित्राशेजारून दोनदा घसरला. तिने मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी कोपराने बाजूला सारला.

“हो,” मशीन म्हणालं.

“हे बाबाच बोलतायत, काका,” ती म्हणाली. बाबांनी पुन्हा टिचकी मारली.

“हो.”